सतराशे अठ्ठावन्न रुपये

दोन महिने आधी : मार्च २०२४

पुण्यातल्या कल्याणीनगरच्या अपघाताचे जेवढे घटनाक्रम छापून आले, ते सगळे १८ मे २०२४ च्या रात्री एका पबच्या दारात सुरू होतात आणि पहाटे अडीच वाजता संपतात. वाचायला ते बरं पडतं. दारू, पैसा, वेग आणि दोन मृत्यू, सगळं चार तासांत आटोपतं. पण त्या रात्री रस्त्यावर जी गाडी होती, ती त्याआधी किती दिवस रस्त्यावर होती, कोणत्या कागदावर होती आणि तिला कोणी कोणी थांबवू शकलं असतं, हे विचारायचं तर सुरुवात मार्चपासून करावी लागते.

मार्चमध्ये बंगळुरूच्या एका डीलरने पोर्शे टायकॅन आयात केली. तिथून ती तात्पुरत्या नोंदणीवर महाराष्ट्रात आली. टायकॅन विजेवर चालते. वजन दोन टनांच्या वर, शून्यापासून शंभराचा वेग चार-पाच सेकंदांत, काही प्रकारांत त्याहून कमी. आणि आवाज जवळजवळ नाही. हा शेवटचा मुद्दा लक्षात असू द्या.

महिना आधी : एप्रिल

गाडी पुण्याच्या आरटीओत पासिंगला गेली. पाहणी झाली. विजेच्या गाडीला महाराष्ट्रात तेव्हा रस्ताकर माफ होता, त्यामुळे पेट्रोलच्या तशाच गाडीवर लाखांत गेला असता तो कर इथे शून्य. उरलं काय, तर कर्जबोजाच्या नोंदीचे १,५०० रुपये, स्मार्ट कार्डाचे २०० आणि टपालाचे ५८. एकूण १,७५८.

हे पैसे भरले गेले नाहीत. पैसे भरून नोंदणी पुरी करा असं सांगितल्यावर गाडी पुन्हा आरटीओत आली नाही, असं परिवहन आयुक्तांनी नंतर सांगितलं. नंबर पडला नाही, पाटी लागली नाही, आणि गाडी फिरत राहिली. तात्पुरत्या नोंदणीची गाडी आरटीओपर्यंत नेण्या-आणण्यापुरतीच रस्त्यावर आणता येते, असंही परिवहन खात्यानेच सांगितलं. सांगितलं अर्थात मे महिन्यात, दोन माणसं गेल्यावर.

मोटार वाहन कायद्याचं कलम २०७ इथे उघडून ठेवावं. गाडी रस्त्यावर अडवून ताब्यात घेण्याचा अधिकार पोलिसाला या कलमाने मिळतो. कारणं मोजकी आहेत. परवान्याशिवाय चालवणं (कलम ३), वय बसत नसताना चालवणं (कलम ४), नोंदणीशिवाय चालवणं (कलम ३९), आणि व्यावसायिक वाहनाला परमिट नसणं. चौथं सोडून द्या. उरलेली तिन्ही कारणं १९ मेच्या पहाटे या एका गाडीत एकत्र बसली होती. त्यातलं नोंदणीचं कारण तर कित्येक आठवडे उघड्यावर, बिनपाटीचं, दिवसाढवळ्या दिसत होतं.

नवी स्कूटर घेतलेल्या माणसाला विचारा. नंबर यायला आठवडा लागला तर तो गल्लीबोळातून जातो, चौकात मामा दिसला की छातीत धस्स होतं, डिक्कीत टेम्पररीचा कागद घडी घालून ठेवतो. बिनपाटीची दोन टनांची जर्मन गाडी समोरून आली तर मात्र हात वर होत नाही. तिच्यात कोणी मोठा माणूस असणार, उगाच कशाला, हा हिशेब पोलिसाच्या डोक्यात क्षणात होतो. त्या हवालदाराला मी एकट्याला दोष देणार नाही. त्याने हात केलाच असता तर वरून फोन आला नसता, याची हमी त्याला कोणी दिली आहे?

तीन तास पन्नास मिनिटं आधी : शनिवार, रात्री १०.४०

पोलिस आयुक्तांनी दिलेल्या वेळा अशा. पुढे ही गाडी चालवणारा मुलगा बारावीच्या निकालाच्या आनंदात मित्रांसोबत रात्री १०.४० ला मुंढव्यातल्या एका पबमध्ये पोचला. वय सतरा वर्षं आठ महिने. महाराष्ट्रात बिअर प्यायला २१ वर्षं पूर्ण लागतात, कडक दारूला २५. दीड तासात बिल झालं ४८,००० रुपयांचं. गाडीच्या नोंदणीसाठी जे भरले नव्हते, त्याच्या सत्तावीस पट.

टेबलावर वय विचारायचं असतं. विचारलं जात नाही. ग्राहकाचं वय विचारायचं म्हणजे ग्राहकाला हाकलायचं, हे पुण्यातल्या कुठल्याही वेटरला पहिल्या आठवड्यात कळतं.

दोन तास वीस मिनिटं आधी : १२.१०

मंडळी दुसऱ्या ठिकाणी गेली. त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही. सगळं पहिल्यासारखंच.

तासभर आधी : दीड

पुण्यात पब बंद करायची वेळ रात्री दीडची. शनिवारी या वेळेला मुंढवा, कोरेगाव पार्क, कल्याणीनगर या पट्ट्यात रस्ते भरतात. रिक्षावाले दुप्पट मागतात, पार्किंगवाली मुलं किल्ल्यांचे जुडगे घेऊन पळतात. राहणारे लोक खिडक्या लावून घेतात. त्यांची तक्रार वर्षानुवर्षं एकच आहे, आवाज.

पोलिसांच्या कारवाईचा रोखही आवाजावरच असतो. बुलेटला फटाका सायलेन्सर लावलेल्या पोरांना अडवायचं, सायलेन्सर काढून घ्यायचा, शे-दीडशे सायलेन्सर जमले की रस्त्यावर रांगेत मांडायचे आणि पत्रकारांसमोर त्यावर रोडरोलर फिरवायचा. पुण्यात, कोल्हापुरात, नागपुरात हा सोहळा नियमित होतो. फोटो छान येतो. त्या फोटोतून गाड्यांचं वेड असलेल्या पोराचं एक चित्र तयार झालं आहे. केस वाढलेले, गाडीवर स्टिकर, सायलेन्सर कापलेला, वस्तीतला. टीव्हीवर स्टंटबाज म्हणून जो दिसतो, तो हाच.

त्या पोरांची बाजू मी घेणार नाही. रात्री दोन वाजता फटाका फोडत जाणाऱ्याचा सायलेन्सर चेपला तर मला दुःख होत नाही. पण हे चित्र एकदा डोळ्यांत बसलं की नजर आवाज शोधू लागते. ज्या गाडीला आवाजच नाही, जिला कापायला सायलेन्सरच नाही, ती या नजरेतून सुटते. त्या रात्रीची सगळ्यांत धोकादायक गाडी पार्किंगमधून निघाली तेव्हा ती ऐकूच आली नसेल.

आणि पुण्यातल्या खऱ्या गाडीवेड्यांबद्दल तर कोणी लिहीतच नाही. हे शहर गाड्यांवर जगतं. पिंपरी-चिंचवड आणि चाकणमध्ये त्या बनतात, वेताळ टेकडीच्या अंगाला असलेल्या एआरएआयमध्ये त्या तपासल्या जातात. इथला संजय टकले हा माणूस आशियातल्या रॅलींपासून डकारच्या वाळवंटापर्यंत गाडी चालवून आला. त्याच्या नावाने किती मथळे आठवतात? रविवारी सकाळी जुन्या फियाट, जावा आणि यझदी घेऊन बाहेर पडणारे लोक आहेत, एका कार्ब्युरेटरसाठी भोसरीपासून भवानी पेठेपर्यंत पायपीट करणारे आहेत. या लोकांना टायरमधली हवा, ब्रेकचं अंतर, वळणावर गाडीचं वजन कुठे जातं, हे सगळं माहीत असतं. ज्याला हे माहीत असतं, तो शहरातल्या रस्त्यावर दीडशेने जात नाही, कारण पुढे काय होणार हे त्याला कळतं. जाणारे या कंपूतही निघतात, हे नाकारून चालणार नाही. एक्स्प्रेस-वेवर स्पीडोमीटरचा काटा दाखवणारी रीळं टाकणारे आमचेच आहेत, आणि त्यांना लाइक देणारेही आमचेच.

वेगाची हौस महाराष्ट्राला नवी नाही. पुणे जिल्ह्यात तर बैलगाडा शर्यतीसाठी घाट बांधलेले आहेत. सुरुवात कुठे, शेवट कुठे, सेकंद कोण मोजणार, प्रेक्षक कुठे उभे राहणार, सगळं ठरलेलं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने या शर्यतींना मान्यता देणारा निकाल दिला तो १८ मे २०२३ ला, म्हणजे आपण बोलतोय त्या शनिवारच्या बरोबर एक वर्ष आधी. बैलाला घाट आहे. मोटारीला नाही. मोटार शर्यतीचा मोठा ट्रॅक हवा तर कोइंबतूर, चेन्नई किंवा ग्रेटर नोएडा गाठावं लागतं. त्या मुलाला ट्रॅक मिळाला असता तर तो रस्त्यावर आला नसता, असं मी म्हणत नाही. तो ट्रॅकवरही गेला नसता, कारण तिथे दारात आधी लायसन्स विचारतात.

निघताना

गाडीत घरचा ड्रायव्हर होता. चालवायला मुलगा बसला. मुलाने गाडी मागितली तर चालवू दे, अशी सूचना ड्रायव्हरला घरून होती, असं पोलिसांच्या तपासात पुढे आलं. खटला चालू आहे. खरं काय ते न्यायालय ठरवेल.

एक गोष्ट मात्र कायद्याने आधीच ठरवून ठेवली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९ अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ते माहीत होतं असंच धरायचं. माहीत नव्हतं, हे सिद्ध करायचं ओझं त्यांच्यावर. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

अडीचच्या सुमारास : रविवार, १९ मे

कल्याणीनगर. मोटरसायकलवर एक तरुण आणि एक तरुणी. दोघंही चोवीस वर्षांचे, दोघंही मध्य प्रदेशातून पुण्यात आलेले संगणक अभियंते. गाडीने त्यांना मागून उडवलं. तरुणी जागीच गेली. तोही वाचला नाही.

पुढची पंधरा मिनिटं

एअरबॅग फुगलेल्या, गाडी पुढे जाईना. लोकांनी वेढा घातला, चालवणाऱ्याला बाहेर ओढून चोप दिला. मारहाणीचे व्हिडिओ पहाटेच फिरायला लागले. रस्त्यावर पडलेल्यांचं नाव अजून कोणाला माहीत नव्हतं, पण गाडीचं नाव सगळ्यांना कळलं होतं.

इथून हा अपघात पोर्शेचा झाला. वर्तमानपत्रांनी, वाहिन्यांनी, आपण सगळ्यांनी तो त्याच नावाने लक्षात ठेवला. ही पद्धत जुनी आहे. जानेवारी १९९९ मध्ये दिल्लीच्या लोधी कॉलनीत एका गाडीने सहा जणांना चिरडलं, तेव्हापासून तो खटला बीएमडब्ल्यूचा. जुलै २०२४ मध्ये वरळीला मासे आणायला गेलेल्या जोडप्याला उडवलं, तेही बीएमडब्ल्यूने. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या नवले पुलावर एका ट्रकने उतारावर जवळपास पन्नास गाड्यांना धडका दिल्या. तो ट्रक कोणत्या कंपनीचा होता, सांगता येईल? तो नवले पुलाचा अपघात राहिला. गाडी स्वस्त असली की अपघाताला जागेचं नाव मिळतं, महाग असली की कंपनीचं.

२०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली १५,२२४ महाराष्ट्रात. बहुतेकांना मारणाऱ्या वाहनाचं नाव कोणी छापलं नाही. टेम्पो, ट्रक, टँकर, अज्ञात वाहन, एवढंच. नाव छापल्याने एक फायदा झाला, हे कबूल. पोर्शे नसती तर हे प्रकरण पान पाचवर तीन ओळींत गेलं असतं, आणि पुढे जे बाहेर आलं ते कधीच आलं नसतं. तोटा असा, की राग गाडीकडे वळला. श्रीमंतांची खेळणी, सुपरकारचा माज, बंद करा या गाड्या. गाडी गुन्हेगार ठरली की मग कागद कोणी तपासायचे?

पहाट : येरवडा पोलिस ठाणे

रात्रपाळीच्या अधिकाऱ्यांनी ही घटना नियंत्रण कक्षाला आणि वरिष्ठांना वेळेत कळवली नाही. त्याबद्दल एक निरीक्षक आणि एक सहायक निरीक्षक पुढे निलंबित झाले. मतदारसंघाचे आमदार पहाटे ठाण्यात येऊन गेले. आपण गेलो होतो हे त्यांनी मान्य केलं, दबाव टाकल्याचं नाकारलं.

सकाळी आठच्या सुमारास गुन्हा नोंदवला गेला, तो भारतीय दंड संहितेच्या ३०४ अ खाली. हलगर्जीने मृत्यू, जास्तीत जास्त दोन वर्षं. सदोष मनुष्यवधाचं ३०४ नंतर लागलं. ३०४ अ आणि ३०४ यांच्यात एका अक्षराचं अंतर दिसतं, पण एकात जामीन हक्काने मिळत होता, दुसऱ्यात मिळत नव्हता.

साडेआठ तासांनंतर : सकाळी अकरा, ससून रुग्णालय

या घटनाक्रमात खरं तर दोन घड्याळं आहेत. एक अडीचला थांबलं. दुसरं अडीचला सुरू झालं, आणि ते रक्तातलं आहे.

दारू पिणं थांबलं की शरीर रक्तातला अल्कोहोल जाळायला लागतं. माणसागणिक फरक पडतो, पण साधारण दर १०० मिलीलिटर रक्तामागे ताशी १५ मिलिग्रॅमच्या आसपास. कायद्याची मर्यादा १०० मिलीला ३० मिलिग्रॅम. साडेआठ तासांत सव्वाशे मिलिग्रॅमच्या घरात अल्कोहोल निघून जातो. मध्यरात्री चांगला झिंगलेला माणूस अकरा वाजता कायद्याच्या दृष्टीने शुद्धीवर असू शकतो, तेही कोणी काही गडबड न करता. येरवड्याहून ससून दिवसा गर्दीतही अर्ध्या तासाच्या आत येतं. पहाटे तीनला तर रस्ता मोकळाच.

उशिरा का होईना, अकरा वाजता ससूनमध्ये मुलाच्या रक्ताचा नमुना घेतला गेला. आणि पोलिसांच्या आरोपानुसार तो टाकून देण्यात आला, त्याच्या जागी मुलाच्या आईचं रक्त ठेवण्यात आलं. ससूनचे दोन डॉक्टर आणि एक कर्मचारी २७ मे रोजी अटकेत गेले. तीन लाख रुपयांचा व्यवहार झाल्याचं पोलिसांचं म्हणणं. हे उघड कसं झालं? पोलिसांनी आणखी एक नमुना दुसऱ्या रुग्णालयात घेतला होता. डीएनए जुळवून पाहिला, ससूनमधलं रक्त त्या मुलाचं नव्हतंच.

मला यात एकाच गोष्टीचं नवल वाटतं. बदलायला तीन लाख लागतात, असा ज्या नमुन्याबद्दल आरोप आहे, तो न बदलता तसाच ठेवला असता तरी, इतक्या उशिरानंतर, त्यात कदाचित काहीच सापडलं नसतं. उशीर फुकट असतो. त्याच्याबद्दल कोणाला लाच द्यावी लागत नाही. आपल्याकडे दारू पिऊन गाडी चालवल्याचे किती खटले या फुकटच्या उशिराने मेले असतील, त्यांच्या बातम्या होत नाहीत.

पंधरा तासांच्या आत : संध्याकाळ

रविवार असूनही बाल न्याय मंडळापुढे सुनावणी झाली. साडेसात हजारांच्या हमीवर जामीन. अटी अशा : पंधरा दिवस वाहतुकीच्या नियमांचा अभ्यास, समुपदेशन, व्यसनमुक्ती, आणि रस्ते अपघात व उपाय या विषयावर तीनशे शब्दांचा निबंध.

बाकीच्या अटी कोणाला आठवत नाहीत. निबंध सगळ्यांना आठवतो. दोन दिवसांत तीनशे शब्द हा देशभराचा विनोद झाला. नाक्यावर लोकांनी निबंध स्पर्धा भरवल्या, बक्षिसं लावली. बाल न्याय कायद्याचा हेतू मुलाला सुधारण्याचा आहे, आणि निबंध ही त्या हेतूला धरून सुचणारी गोष्ट आहे. ती दोन चिता पेटायच्या आत सुचली, एवढंच तिचं दुर्दैव.

पहिले तीन दिवस

मुलाच्या वडिलांना छत्रपती संभाजीनगरमधून अटक झाली. पबना सील लागलं. मंडळाने आदेश बदलून मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं. पुढच्या दिवसांत, गुन्हा अंगावर घे म्हणून ड्रायव्हरला डांबून ठेवल्याच्या आरोपावरून आजोबाही अटकेत गेले.

याच दिवसांत मोबाइलवर एक रॅप व्हिडिओ फिरला. अपघाताची बढाई मारणारा, शिव्यांनी भरलेला. जामीन मिळालेल्या मुलानेच तो केला, असं सांगून लाखोंनी तो पुढे ढकलला, काही वाहिन्यांनी दाखवलाही. तो त्याचा नव्हताच. दुसऱ्याच एका व्हिडिओवाल्याने गर्दी खेचायला बनवला होता आणि त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. श्रीमंताचा माजोरडा पोरगा, वेगाचं वेड, इंग्रजी शिव्या, असं चित्र आधीच तयार होतं. व्हिडिओ त्यात नीट बसला, म्हणून कोणी विचारलं नाही.

जप्त करा

आता मागणी एकच उठली, अशा गाड्या जप्त करा, सरकारजमा करा. ऐकायला बरं वाटतं. पण आपल्या कायद्यात आहे काय?

कलम २०७ खाली गाडी ताब्यात घेता येते, कायमची घेता येत नाही. कागद दाखवले, दंड भरला, की सोडावी लागते. गुन्ह्यात मुद्देमाल म्हणून जप्त झालेली गाडीसुद्धा न्यायालयात अर्ज करून सुपूर्तनाम्यावर सोडवून आणता येते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये गुजरातच्या एका खटल्यात सांगून ठेवलं आहे की पोलिस ठाण्याच्या आवारात गाड्या गंजत ठेवू नका, फोटो काढा, पंचनामा करा, हमी घ्या आणि परत करा. बरोबरच आहे. कुठल्याही ठाण्याच्या मागे जाऊन पाहा, झाडं उगवलेल्या रिक्षा दिसतील, आणि प्रत्येक रिक्षामागे एक बुडालेलं घर.

पण त्याच महाराष्ट्रात चोरटी दारू वाहणारी गाडी दारूबंदी कायद्याने सरकारजमा होऊ शकते. बेकायदा वाळू वाहणारा ट्रॅक्टर महसूल अधिकारी जप्त करतो आणि जबर दंड व जातमुचलका घेतल्याशिवाय सोडत नाही. डिक्कीत दारू असली तर गाडी जाऊ शकते. चालवणाऱ्याच्या पोटात असली तर गाडी जात नाही.

डेन्मार्कने ३१ मार्च २०२१ पासून हे उलटं केलं. मर्यादेच्या दुपटीहून जास्त आणि ताशी शंभरच्या वर, किंवा दोनशेच्या पुढे, किंवा रक्तात अतिशय जास्त दारू, यातलं काहीही सापडलं की गाडी सरकारची. भाड्याची असो, मित्राची असो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एका माणसाने जर्मनीत लॅम्बोर्गिनी विकत घेतली आणि नॉर्वेला घरी निघाला. वाटेत डेन्मार्कमध्ये २३६ च्या वेगाने सापडला. गाडी घेतल्याला काही तासच झाले होते. ऑस्ट्रियाने मार्च २०२४ पासून असाच कायदा आणला.

याला दुसरी बाजू आहे, ती ऑस्ट्रेलियातल्या पर्थची. तिथल्या एका डॉक्टरने आपली लॅम्बोर्गिनी दुरुस्तीला दिली होती. मेकॅनिकने ती नव्वदच्या रस्त्यावर एकशेसाठने पळवली. जप्ती झाली गाडीची, तीही अठ्ठावीस दिवसांसाठी. डॉक्टर त्या वेळी आपल्या कामावर होता. कायदा गाडी पाहत होता, माणूस पाहत नव्हता. आपल्याकडे असा कायदा आला तर पहिली पाटी कोणाची जाईल? टायकॅनची नाही. उमरग्याहून पुण्याला येऊन कर्जाने घेतलेली वॅगन-आर भाड्याने चालवणाऱ्या ड्रायव्हरची. कारण त्याला हात केलेला चालतो. नवा कडक कायदा जुन्याच हातांत द्यायचा, तर तो जुन्याच लोकांवर चालेल. कलम २०७ नीट वापरलं गेलं असतं तर मार्च ते मे या काळात टायकॅन कुठल्या तरी ठाण्याच्या आवारात उभी असती, नंबर येईपर्यंत. त्यासाठी डेन्मार्कला जायची गरज नव्हती.

त्यानंतर

जून २०२४ च्या २५ तारखेला मुंबई उच्च न्यायालयाने मुलाला निरीक्षणगृहातून सोडण्याचा आदेश दिला. १५ जुलै २०२५ ला बाल न्याय मंडळाने त्याला प्रौढ धरून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी फेटाळली. यावर पुन्हा ओरड झाली, पण कायदा आधीच स्पष्ट होता. एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीत अठरा पूर्ण व्हायला चार दिवस कमी असलेल्या मुलाने मर्सिडीजखाली एका तरुणाला चिरडलं होतं. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितलं, की ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा लिहिलेली नाही, तो निर्घृण गुन्ह्याच्या व्याख्येत बसत नाही. सदोष मनुष्यवधाला तेव्हा किमान शिक्षाच नव्हती. ही फट संसदेने भरायची आहे, असं न्यायालयाने म्हटलं होतं. संसदेने २०२१ च्या दुरुस्तीने ती भरली, पण अशा गुन्ह्यांना निर्घृण नव्हे, गंभीर गुन्ह्यांत टाकून.

गाडीची नोंदणी परिवहन खात्याने बारा महिन्यांसाठी रोखली, म्हणजे तिची मुदत २०२५ मध्ये संपली. मुलाला लायसन्स मागता येईल ते वयाला पंचवीस पूर्ण झाल्यावर, साधारण २०३१ च्या सप्टेंबरात. त्याच महिन्यात महाराष्ट्रात त्याला कायदेशीरपणे कडक दारूही पिता येईल.